दोन ते चारचा घुसखोर

व्हायरस हा शब्द कानावर पडला की वहिनींना आधी हात धुवावेसे वाटत. त्यांची लॅब दातांची होती. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा माप-साचा पाठवत आणि वहिनी व त्यांचे यजमान कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून परत पाठवत. पुढच्या खोलीत प्लास्टरचं टेबल, त्यामागे भट्टी, आणि कोपऱ्यात काचेची एक खोली. काचेच्या खोलीत कॉम्प्युटर आणि दात कापणारं मशीन. धूळ आत जाऊ नये म्हणून तिचं दार कायम बंद.

यजमानांना सगळे डॉक्टर मालक म्हणत, म्हणून लॅबमध्येही ते मालकच. प्लास्टरच्या टेबलावर मावशी होत्या. त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या, पण वीस वर्षं होत्या.

झालं असं, की रस्त्यापलीकडच्या फोटो-फ्रेमवाल्याचा कॉम्प्युटर एका सकाळी उघडेचना. पडद्यावर लाल अक्षरांत एक मजकूर, तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर या पत्त्यावर लिहा. फ्रेमवाला सहा दिवस दुकानाबाहेर स्टूल टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोच मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवू लागला. सातव्या दिवशी तो दुकान आवरून भावाकडे गेला.

त्याच आठवड्यात लॅबला सगळ्यात जास्त काम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून एक फॉर्म आला. आमच्या पेशंटची स्कॅन तुमच्याकडे असतात, सबब आपल्या कॉम्प्युटरवर कोणतं संरक्षण आहे ते महिनाअखेरपर्यंत लिहून कळवावं. खाली एक रिकामी ओळ.

मालकांनी पेन काढलं आणि ओळीवर लिहिलं, "आहे."

"अहो, कोणतं ते विचारलंय," वहिनी म्हणाल्या.

"चांगलं आहे, असं लिहू?"

"आपल्याकडे काहीच नाहीये."

मालकांनी थोडा विचार केला. "म्हणजे आजवर काही झालेलंही नाहीये."

वहिनींनी फॉर्म त्यांच्या हातातून काढून घेतला. हे काम आता त्यांच्याकडे आलं, हे दोघांनाही कळलं.

वहिनींची निवड करायची एक पद्धत होती. भट्टी घेताना त्यांनी तीन भट्ट्या आठ-आठ दिवस वापरून पाहिल्या होत्या आणि तिन्ही विक्रेत्यांना घाम फोडला होता. इथेही त्यांनी तेच ठरवलं. एक वही केली. तीन प्रोग्राम निवडले, प्रत्येकाला एक आठवडा.

पहिला मोफत होता. तो मालकांनी सुचवला होता. तो कॉम्प्युटरवर बसला आणि दर दहा मिनिटांनी एक खिडकी उघडून सांगू लागला, की तुम्ही धोक्यात आहात, पैसे भरलेत तर कमी धोक्यात याल. मालक एखाद्या दाढेची कड आखत असले की खिडकी नेमकी दाढेवर उघडे. चौथ्या दिवशी मावशी प्लास्टरचे हात कपाळाला न लावता काचेबाहेरून म्हणाल्या, "वहिनी, हा राखण करतोय की भीक मागतोय?" वहिनींनी ते वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं.

दुसरा भलताच कडक निघाला. विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं, की आमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता मालकांनी चार दातांचा ब्रिज मशीनला लावला. मशीन दोन दात कापून तिसऱ्याच्या मध्यावर थांबलं. प्रोग्रामने मशीन चालवणारी फाइलच संशयित ठरवून उचलून कोठडीत टाकली होती. पडद्यावर हिरवी खूण आणि खाली, "धोका टळला."

मालकांनी अडीच दातांचा तो ब्रिज मशीनमधून काढून वहिनींसमोर धरला.

"विक्रेत्याला फोन लावू का?" वहिनींनी विचारलं.

"नको. त्याचे दात कसे आहेत तेवढं विचार."

तिसरा प्रोग्राम शांत होता. तो आला, त्याने सगळा कॉम्प्युटर तपासला आणि कोपऱ्यात एक बारीक ठिपका होऊन बसला. पहिले दोन दिवस त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मालकांना तो आवडला. वहिनींना मात्र तो जागा आहे की झोपलाय हे कळेना, म्हणून त्या दर तासाला आत जाऊन ठिपका पाहून येत.

तिसऱ्या दिवशी मालक चार वाजता परत आले. रोज दोन ते चार ते स्कूटरवर तयार काम दवाखान्यांत पोचवायला जात, कारण त्या वेळात डॉक्टरांकडे पेशंट नसतात. जाताना ते फक्त पडदा बंद करत. कॉम्प्युटर चालूच राही, कारण एकदा बंद केला की दातांचा प्रोग्राम उघडायला वीस मिनिटं घेई. त्यांनी पडदा चालू केला आणि वहिनींना हाक मारली. नावाने मारली, त्याअर्थी काहीतरी झालं होतं.

पडद्यावर लिहिलं होतं, "या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कोणीतरी येत आहे. परवानगी द्यायची की थांबवायचं?" खाली दोन बटणं. त्याखाली कॉम्प्युटरच्या जुन्या नोंदींतून काढलेली यादी. गेल्या सात महिन्यांत एकशे त्रेचाळीस वेळा. जवळजवळ सगळ्या भेटी दुपारी दोन ते चार.

"मी नसताना," मालक म्हणाले. ते खुर्चीवर बसले. "मी नसतो हे त्याला माहीत आहे."

"कोणाला?"

"पलीकडच्या लॅबवाल्याला. दुसऱ्या कोणाला! आपलं काम गेले काही महिने कसं झालंय ते बघ ना. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, तुमचा हात बसला. चावा एकदम बरोबर येतो, तोंडात घासावं लागत नाही. त्यालाही कळलं असणार. तो माझी डिझाइन नेतोय."

हे खरं होतं, की गेल्या काही महिन्यांत लॅबचं नाव झालं होतं. मालकांनी ते अंगावरही घेतलं होतं. मागच्याच महिन्यात त्यांनी एका नव्या लॅबवाल्याला फोनवर पाऊण तास दाढेवरच्या खाचा समजावून सांगितल्या होत्या, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

मालकांचा बेत असा, की उद्या दोन वाजता स्कूटर बाहेर काढायची, गल्लीला वळसा घालायचा, मागच्या दाराने आत येऊन भट्टीमागे लपायचं आणि घुसखोराला रंगेहाथ पकडायचं.

"तो कॉम्प्युटरमधून येतो," वहिनी म्हणाल्या. "दारातून नाही."

"मग काय करायचं?"

वहिनींनी कोणतंही बटण दाबलं नाही. त्यांनी फ्रेमवाल्याचा कॉम्प्युटर ज्यांनी शेवटी तपासला होता, त्या बाईंना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास आल्या. पन्नाशीच्या, पाठीवर शाळकरी दप्तर, पायात आवाज न करणाऱ्या चपला. त्यांना सगळे कॉम्प्युटरवाल्या ताई म्हणत. मालक त्या दिवशी लवकरच कामं पोचवायला निघाले होते, कारण आदल्या दिवशीच्या गोंधळात काही राहिली होती.

ताईंनी तासभर कॉम्प्युटर तपासला. मग म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या चोराचं मला कळत नाही."

"का?"

"चोर फाइली नेतो. हा एकही नेत नाही. हा त्या बदलतो आणि तिथेच ठेवतो." त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. दातांचा प्रोग्राम प्रत्येक फाइलीची जुनी प्रत जपून ठेवत असे, हे लॅबमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. "ही सकाळची तुमच्या मालकांची दाढ. आणि ही दुपारनंतरची. मला दातांतलं कळत नाही. यात काय बिघडवलंय?"

वहिनी पुढे वाकल्या. सकाळच्या दाढेची मागची खाच सरळ गेली होती. दुपारच्या दाढेची खाच शेवटाला किंचित आत वळली होती, केसभर. त्या वळणामुळे वरचा दात तिथे अलगद बसतो. वहिनींनी ते वळण दहा वर्षं पाहिलं होतं, मेणात, छोट्या चाकूने, एका झटक्यात घातलेलं. असं वळण घालणारा एकच हात त्यांना माहीत होता.

"काही बिघडवलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत आहे का कोण ते?"

"मी जरा घरी जाऊन येते," वहिनी म्हणाल्या. दोन वाजून गेले होते.

घर चार गल्ल्या पलीकडे होतं. घरात दुपारी अण्णा एकटेच असत. अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे. लॅब त्यांनीच उभी केली होती, बत्तीस वर्षांपूर्वी, एका टेबलावर. दीड वर्षापूर्वी त्यांचा खोकला थांबेना म्हणून तपासलं, तर छातीत प्लास्टरची धूळ साठलेली. डॉक्टरांनी लॅबची पायरी चढायची नाही म्हणून सांगितलं आणि मालकांनी ते शब्दशः पाळलं. अण्णांना पायरीवरसुद्धा उभं राहू देत नसत. त्याच सुमारास लॅबमध्ये स्क्रीनवर दात बनवायला सुरुवात झाली होती. अण्णांचं मत असं होतं, की स्क्रीनवर दात होत नाही, दाताचा फोटो होतो. ते मत त्यांनी एकदाच सांगितलं. त्यानंतर लॅबचा विषय काढला नाही. घरात सगळ्यांना वाटलं, त्यांनी मनातून सोडलं.

वहिनींनी आपल्या किल्लीने दार उघडलं. अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर वहिनींचा जुना लॅपटॉप, नाकावर दोन चष्मे, एकावर एक. त्यांनी मान वर केली नाही.

"बस. छत्तीस नंबर बघतोय. झालंच."

वहिनी बसल्या. डॉक्टरांच्या मोजणीतली छत्तीस नंबरची, म्हणजे खालची डावी दाढ पडद्यावर हळूहळू फिरत होती. अण्णांनी एक कड किंचित खाली घेतली, पुन्हा फिरवली, थोडा वेळ पाहिलं आणि साठवून ठेवलं. मग दोन्ही चष्मे काढले.

"त्याला कळलं?"

"अजून नाही."

"तुला कसं कळलं?"

"खाच बघून."

अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान आलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं. "कॉम्प्युटरच्या आधीच्या दुरुस्तीवाल्याकडून घरून बघायची सोय बसवून घेतली होती," ते म्हणाले. "त्याला म्हटलं, मला फक्त कामांची यादी दिसू दे. महिनाभर नुसती यादीच बघितली. मग एक फाइल उघडली. मग वाटलं, एवढं चुकलंय ते कोणाच्या तरी तोंडात जाणार. पेशंटला काय माहीत घरात कोणाचं कोणाशी काय चाललंय!"

"स्क्रीनवर दात होत नाही म्हणाला होतात."

"होतो," अण्णा म्हणाले. "शिकायला दोन महिने गेले."

वहिनींनी त्यांना विचारलं, की आत शिरायला पासवर्ड काय ठेवलाय.

"दात बत्तीस."

वहिनींचा फोन वाजला. कॉम्प्युटरवाल्या ताई होत्या. "वहिनी, तुमचा माणूस मिळाला का?"

"मिळाला. घरचाच आहे."

"बरं झालं. पण यादीत आणखी एक आहे. गेल्या रविवारी, तुमची लॅब बंद असताना. त्याच दाराने आलाय, पण लांबच्या पत्त्यावरून. नऊ मिनिटं होता. काही बदललं नाही, काही नेलं नाही. सगळी कपाटं उघडून बघून गेला. फ्रेमवाल्याकडेही पहिल्या खेपेला असंच झालं होतं. कुलूप दुसऱ्या खेपेला घातलं."

वहिनींनी फोन ठेवून अण्णांना विचारलं, की रविवारी आत शिरला होतात का. अण्णा म्हणाले, रविवारी लॅब बंद असते, रविवारी मी कशाला जाऊ. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. लॅबच्या पायरीवरसुद्धा उभं न राहणाऱ्या माणसाने लॅबचं मागचं दार सात महिने उघडं ठेवलं होतं.

"बंद कर," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता सांग तिला. माझं राहू दे."

वहिनींनी ताईंना तसं सांगितलं. लॅपटॉपवरची दाढ जागच्या जागी थांबली आणि पडदा काळा झाला.

मालकांना सांगायचं काम उरलं. ते वहिनींनी चार वाजता काचेच्या खोलीत, दार लावून केलं. मावशी बाहेर प्लास्टर कालवत होत्या आणि ते दोनदा घट्ट झालं तरी कालवत होत्या.

मालक ओरडले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे माझा हात बसला नाही."

ताईंनी दप्तराची चेन उगाच उघडली आणि लावली.

मालकांनी जुन्या आणि नव्या फाइली शेजारी शेजारी कशा लावायच्या ते ताईंकडून शिकून घेतलं आणि पहिल्यापासून बघायला बसले. त्या दिवशी मशीन चाललं नाही. बदल सुरू केल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांत अण्णांनी जवळजवळ प्रत्येक दाताला हात लावला होता. मालक प्रत्येक फाइल उघडत, मान हलवत, पुढची उघडत. कधी म्हणत, "हे बरोबर आहे त्यांचं." एकदा म्हणाले, "हे चूक आहे," आणि पुढच्याच प्रतीत अण्णांनी ते स्वतःच पुसून मालकांचं जसंच्या तसं ठेवलेलं होतं.

सहा वाजता त्यांनी ताईंना विचारलं, "या फाइलीत मला फरकच दिसत नाहीये. बदललंय काय?"

ताईंनी पाहिलं. "काही नाही. उघडली, अकरा मिनिटं बघितली, तशीच बंद केली."

"आणि ही?"

"तशीच."

गेल्या दोन महिन्यांतल्या बहुतेक फाइली तशा होत्या. उघडलेल्या, फिरवून पाहिलेल्या आणि हात न लावता ठेवून दिलेल्या. मालकांनी त्या मोजल्या. एकतीस. मग त्यांनी पुन्हा मोजल्या. मग ते उठून बाहेर गेले आणि मावशींच्या टेबलाशी उभे राहून एका साच्याकडे पाहत राहिले. मावशी म्हणाल्या, "तो ओला आहे, हात लावू नका." मालक म्हणाले, "नाही लावत."

रात्रीची वाट न बघता ते तसेच घरी गेले. अण्णा दारातच होते. वहिनी मागून येत होत्या, त्यांना एवढंच ऐकू आलं.

"मला सांगून बघायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू बघू दिलं असतंस?"

मालकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं."

"मग?"

"मग काही नाही. खोकला कसा आहे?"

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा आल्या. जुनं दार त्यांनी मुळापासून काढून टाकलं, सगळे पासवर्ड बदलले आणि सगळ्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवून वहिनींच्या हातात दिली. "रोज जोडायची, प्रत घ्यायची, काढायची. हे कोणताही प्रोग्राम तुमच्यासाठी करणार नाही."

"आणि प्रोग्राम कोणता घेऊ?" वहिनींनी वही उघडून विचारलं. वहीत तेरा पानं भरली होती.

ताईंनी तेरा पानं वाचली. भीक मागण्याचं वाक्य वाचून त्या पहिल्यांदा हसल्या. "तुम्हीच सांगा."

"पहिल्याला घुसखोर दिसलाच नाही. दुसऱ्याने आमचं मशीन पकडलं आणि घुसखोराला जाऊ दिलं. तिसऱ्याने पकडलं, पण विचारलं. स्वतःच काही ठरवलं नाही. त्याने आपल्या मनाने थांबवलं असतं, तर आम्हाला कधी कळलंच नसतं."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या.

फॉर्मवरच्या रिकाम्या ओळीत तिसऱ्याचं नाव गेलं. मालकांचं "आहे" खोडावं लागलं, त्यामुळे फॉर्म थोडा घाण दिसत होता, पण डॉक्टरीणबाईंनी चालवून घेतला.

राहिला प्रश्न अण्णांचा. आता बाहेरून यायचं तर रीतसर यायला हवं होतं. नवं खातं, नवा लांबलचक पासवर्ड, आणि दरवेळी फोनवर येणारा सहा आकडी कोड. खातं उघडताना कॉम्प्युटरने विचारलं, ही व्यक्ती कोण? पर्याय तीन, मालक, कर्मचारी, पाहुणा.

मालकांचा हात माउसवर थांबला. मालक एकच असू शकतो, असं खाली लिहिलं होतं. पाहुणा म्हणायला जीभ वळेना. शेवटी त्यांनी फोन लावला. "अण्णा, तुम्हाला कर्मचारी केलं तर चालेल का?"

"सुट्टी किती?" अण्णांनी विचारलं.

त्याच दुपारी दोन वाजता मालक स्कूटर काढायच्या बेतात होते तेव्हा अण्णांचा फोन आला, की कोड टाकेपर्यंत त्याची वेळ संपते, आकडे जरा मोठे पाठवायला सांग. चौथ्या खेपेला ते आत आले. दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

"चौथ्या दाताला जागा कमी आहे."

"पुरेशी आहे," मालक म्हणाले.

"कमी आहे. गाल चावला जाईल."

"अण्णा, स्कॅन फिरवून बघा. खालून बघा."

फोनवर माउसची टकटक ऐकू आली. "हं," अण्णा म्हणाले. "केसभर आहे. तरी कमीच."

मालक स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवून काचेच्या खोलीत जाऊन बसले, फोन खांद्यात धरून. पडद्यावर एकच दात दोघं दोन बाजूंनी फिरवत होते आणि तो कोणाचंच न ऐकता भलतीकडेच फिरत होता. दवाखान्यांत पोचवायच्या डब्या दाराशी तशाच होत्या. वहिनींनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग त्यांनी डब्या पिशवीत भरल्या, मावशींना लॅब सांभाळायला सांगितली आणि स्कूटर स्वतः बाहेर काढली.